रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, मग ४ अँपिअरला पॉइंट चिकटले कसे?

प्रश्न : गाडीला ५५ वॉटचे दोन जादा हॅलोजन दिवे बसवले. बॅटरीतून वायर डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचला आणि तिथून दिव्यांना, अशी सरळ जोडणी होती. महिनाभरात स्विच तापून मऊ पडला. जो तो म्हणतो 'रिले लाव', पण रिलेने नेमकं काय होतं ते कोणी सांगत नाही. त्याच्यावरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडेही कळत नाहीत. दुसरं म्हणजे, टाकी भरली की पाण्याची मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून मी मायक्रोकंट्रोलर आणि ५ व्होल्टच्या निळ्या रिलेचं बोर्ड लावलं. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, चालताना ४ अँपिअर घेते. रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी' असं छापलंय. दोन महिने नीट चाललं, मग एक दिवस टाकी भरून वाहायला लागली तरी मोटर बंद होईना. रिलेवर टिचकी मारली की सुटते. रिले हलका निघाला की माझं काही चुकलं?

उत्तर : तुम्ही टिचकीचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. तेवढ्यावरून दोष जवळजवळ नक्की करता येतो. तुमची कॉइल ठीक आहे, बोर्ड ठीक आहे, प्रोग्रॅमही बहुतेक ठीक आहे. रिलेच्या आतले दोन पॉइंट वितळून एकमेकांना चिकटताहेत आणि टिचकीच्या हादऱ्याने तो कच्चा जोड तुटतोय. रिले हलका असेलच असं नाही. त्यावरचा आकडा खरा आहे, फक्त तो मोटरसाठी दिलेला नाही. दिव्यांचा स्विचही याच कारणाने गेला. म्हणून रिले आत काय करतो ते आधी बघू, मग दोन्ही कामं एकेक करून घेऊ.

रिलेच्या डबीत दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. एकीकडे लोखंडी गाभ्यावर केसासारख्या बारीक तारेची कॉइल. दुसरीकडे चांदीच्या मिश्रधातूचे पॉइंट, त्यातला एक पितळी पात्यावर हलणारा आणि दुसरा स्थिर. कॉइलला वीज मिळाली की गाभ्याचं चुंबक होतं, समोरची लोखंडी पट्टी त्याला जाऊन टेकते आणि तिच्या ढकलण्याने पॉइंट जुळतात. तुम्हाला ऐकू येते ती 'टक' या पट्टीची. वीज गेली की स्प्रिंग पट्टीला मागे ओढते. कॉइल आणि पॉइंट यांना जोडणारी तार आत कुठेच नसते. त्यामुळे एका बाजूला ५ व्होल्ट डीसी आणि दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट एसी असली तरी दोघांची गाठ पडत नाही. हुकूम एका वाटेने जातो, काम दुसऱ्या वाटेने होतं.

रिले हा शब्द मुळात टप्प्याटप्प्यावर बदलायच्या ताज्या घोड्यांचा आहे, आणि तो इथे चपखल बसतो. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी हीच युक्ती केली. लांबच्या तारेतून येता येता प्रवाह क्षीण व्हायचा. त्याच्याकडून फक्त एक चुंबक हलवून घ्यायचं आणि त्या चुंबकाने जवळच्या ताज्या बॅटरीचं सर्किट जोडायचं. तारायंत्राचे संदेश पुढे दूरदूर पोचले ते अशा रिलेंमुळे.

आता दिवे. ५५ वॉटचे दोन म्हणजे ११० वॉट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे ९ अँपिअरच्या थोडं वर. तुमच्या जोडणीत हा सगळा प्रवाह त्या छोट्या स्विचमधून जात होता. शिवाय हॅलोजनची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. त्यामुळे स्विच दाबल्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत ९ अँपिअरच्या कित्येक पट प्रवाह धावतो. अशा झटक्यांनी पॉइंट दर वेळी थोडे जळतात, जळाले की त्यांचा रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, आणि शेवटी प्लास्टिक मऊ पडतं. रिले लावल्यावर स्विचमधून फक्त कॉइलचा प्रवाह जाईल. गाडीच्या १२ व्होल्ट रिलेची कॉइल साधारण ८० ते १०० ओहमची असते. भागाकार केलात तर ०.१२ ते ०.१५ अँपिअर येतो. तेवढ्याने कुठलाही धडका स्विच तापत नाही.

याचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: दिवे उजळ होतात. समजा ०.७५ चौरस मिमीची वायर बॅटरीपासून डॅशबोर्डवर आणि तिथून पुढे दिव्यापर्यंत मिळून ४ मीटर गेली. तिचा रोध सुमारे ०.०९ ओहम, आणि ९ अँपिअरला तिच्यातच ०.८ व्होल्ट खर्च होतात. स्विचचे धरून १ व्होल्ट सहज जातो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर फार झपाट्याने घटतो. १२ चे ११ झाले की जवळजवळ चौथाई उजेड गेला. रिले दिव्यांजवळ बसवून २.५ चौरस मिमीची २ मीटर वायर वापरली तर याच प्रवाहाला ०.१३ व्होल्टच पडतात.

आकड्यांचा अर्थ असा. ३० म्हणजे बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून आलेला. ८७ म्हणजे दिव्यांकडे जाणारी वाट, कॉइल ओढली की ती ३० ला जुळते. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७ए असतो, तो कॉइल सुटलेली असताना ३० ला जुळलेला असतो. इथे अनेक जण फसतात. रिले खोचायच्या तयार बेसमध्ये ८७ए ची वायर आधीच लावलेली येते, तुम्हाला ती लागत नाही म्हणून ती लोंबती राहते, आणि रिले बंद असताना नेमकी तिच्यात बॅटरीची वीज असते. बॉडीला टेकली की फ्यूज उडतो. ती वायर बेसमधून काढूनच टाका. काही पाच पायांच्या रिलेंना ८७ए नसतो, त्याऐवजी दोन ८७ असतात. तसंच काही रिलेंत ३० आणि ८६ यांच्या जागा आपसात बदललेल्या असतात. म्हणून पायांची जागा ओळखीवर सोडू नका, डबीवरची आकृती वाचा.

आकृतीत कॉइलला समांतर डायोडचं (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचं) चिन्ह दिसलं तर प्लस ८६ ला आणि मायनस ८५ लाच यायला हवा. उलटं झालं तर डायोड सरळ शॉर्ट होतो. रोधाचं चिन्ह असेल किंवा काहीच नसेल तर कुठलंही टोक कुठेही चालतं.

जोडणी या क्रमाने करा. आधी बॅटरीचा मायनस काढा. बॅटरीच्या प्लसपासून २.५ चौरस मिमीची वायर काढून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूज दिव्यांचं रक्षण करायला नसतो, तो वायरचं रक्षण करतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुठे घासला गेला तर त्याला वाचवणारं काहीच नसतं, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. फ्यूजमधून ३० ला. ८७ मधून त्याच जाडीच्या दोन वायर दोन दिव्यांना. दिव्यांच्या मायनसची वायरही तेवढीच जाड हवी, कारण जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत येतो. ती बॉडीला जोडताना तिथला रंग खरवडून, लग दाबून, बोल्टखाली घट्ट आवळा. ८५ बॉडीला. ८६ ला स्विचमधून येणारी ०.५ चौरस मिमीची बारीक वायर. त्या स्विचला वीज चावीनंतरच्या किंवा पार्किंग दिव्याच्या वायरवरून घ्या. थेट बॅटरीवरून घेतलीत तर चावी काढली तरी दिवे चालू राहू शकतात आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळेल. रिले पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी डबीत साचत नाही. ३० किंवा ४० अँपिअरचा साधा गाडीचा रिले इथे पुरतो. दिव्यांचा झटका गृहीत धरूनच तो बनवलेला असतो.

काम झाल्यावर तपासणी करा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून रिलेचे पॉइंट बघण्याला फारसा अर्थ नाही. मीटरचा प्रवाह इतका थोडा असतो की जळका पॉइंटही त्याला चांगला वाटतो. दिवे चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि ३० आणि ८७ या दोन पायांवर टोकं लावा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.५ व्होल्ट दिसले तर ९ अँपिअरला साडेचार वॉट त्या डबीत जळताहेत. तो रिले बदला, आणि बेसच्या क्लिपा सैल पडल्यात का तेही बघा. बऱ्याचदा रिले चांगला असतो आणि बेस जळलेला असतो.

मोटरचं प्रकरण यापेक्षा गंभीर आहे, आणि त्यातच खरी शिकण्याची गोष्ट आहे.

'१० अँपिअर, २५० व्होल्ट एसी' हा आकडा रोधक भाराचा असतो, म्हणजे गीझरच्या कॉइलसारख्या भाराचा. तिथे पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत प्रवाह जवळजवळ सारखाच राहतो. मोटर तशी वागत नाही. थांबलेली मोटर सुरू होताना चालतानाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तुमच्या ४ अँपिअरच्या मोटरला पहिल्या काही दशांश सेकंदांत २० ते २४ अँपिअर लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी पॉइंट जुळत असतात. पॉइंट टेकतात ते एका झटक्यात टेकून राहत नाहीत, फरशीवर टाकलेल्या गोटीसारखे दोन-तीनदा उडतात. हे सगळं एखाद-दोन मिलिसेकंदांत होतं, पण प्रत्येक उडीत २० अँपिअरची ठिणगी पडते. ठिणगीखाली चांदी वितळते, त्यावर पॉइंट पुन्हा आपटतो, आणि वितळलेली चांदी दोघांच्या मध्ये थिजते. वेल्डिंग यालाच म्हणतात. सुरुवातीला स्प्रिंग तो जोड तोडू शकते. पृष्ठभाग खडबडीत होत गेला की एक दिवस स्प्रिंगचं बळ अपुरं पडतं. तुमच्याकडे तो दिवस दोन महिन्यांनी आला.

तो रिले टाकून देण्याआधी कव्हर उचकटून बघा. नवा पॉइंट टाचणीच्या डोक्यासारखा गुळगुळीत, पांढरट चमकणारा असतो. तुमचा करडा झालेला असेल, कडेला काजळीचं कडं, मध्ये खडा उभा राहावा तसा थिजलेला धातू आणि समोरच्या पॉइंटात खळगा. पॉलिश पेपरने घासून तो परत वापरायचा मोह टाळा. घासल्याने मिश्रधातूचा थर जातो, पॉइंटांचा आकार बिघडतो आणि पुढचं वेल्डिंग आणखी लवकर होतं.

सुटतानाचाही त्रास आहे. मोटरच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा प्रवाह अचानक थांबू देत नाही, त्यामुळे पॉइंट लांब होत असताना मध्ये ठिणगी ताणली जाते. एसीमध्ये निदान ५० हर्ट्झला प्रवाह सेकंदातून १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीमध्ये ती सोयही नसते. म्हणून ज्या रिलेवर २५० व्होल्ट एसीला १० अँपिअर लिहिलेलं असतं, त्यावर डीसीला बहुतेक ३० व्होल्टच लिहिलेलं असतं. सोलर पॅनेलची माळ किंवा वरच्या व्होल्टेजची बॅटरी अशा रिलेने तोडायला गेलात तर पॉइंट उघडूनही ठिणगी चालूच राहील आणि डबी पेट घेईल. डीसीचा आकडा वाचल्याशिवाय तिथे हात घालू नका.

ढोबळ हिशेब हवा असेल तर असा धरा: भाराप्रमाणे आकडा दिलेला नसेल तेव्हा मोटरसाठी छापील अँपिअरचे २० टक्के, तारेच्या दिव्यांसाठी १० टक्के, कॉन्टॅक्टर किंवा सोलेनॉइडसारख्या गुंडाळीसाठी ४० टक्के. तुमच्या १० अँपिअरच्या रिलेला या हिशेबाने मोटरचे २ अँपिअर झेपतात. ४ अँपिअर त्याच्या दुप्पट झाले. एलईडी दिव्यांनीही बेफिकीर होऊ नका. त्यांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटमध्ये, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, तो रिकामा असताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो. दहा-बारा एलईडी दिवे एकाच छोट्या रिलेवर टाकले की वॉट कमी असूनही पॉइंट चिकटतात ते यामुळे.

यावरचा उपाय म्हणजे छोट्या रिलेकडून मोटर चालवून न घेणं. त्याने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि कॉन्टॅक्टरने मोटर. कॉन्टॅक्टर हा रिलेचाच थोरला भाऊ: पॉइंट जाड, स्प्रिंग जोरदार, एकाच वाटेत दोन ठिकाणी तुटणारा. त्यावर वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे आकडे असतात. एसी-१ हा हीटरसारख्या भाराचा, एसी-३ हा मोटर सुरू करून चालती असताना तोडण्याचा. तुम्हाला एसी-३ चा आकडा बघायचा आहे. एसी-३ मध्ये ९ अँपिअरचा, २३० व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर अर्ध्या हॉर्सपॉवरला भरपूर झाला. अशा छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना क्षणभर ०.३ अँपिअरच्या आसपास घेते आणि नंतर ०.०५ अँपिअरच्या आतच राहते. तुमचा निळा रिले एवढं काम वर्षानुवर्षं करेल.

त्याच्याखाली ओव्हरलोड रिले जोडा. नावात रिले असला तरी याचं काम निराळं: मोटर अडकली किंवा जास्त वेळ जास्त प्रवाह ओढायला लागली की तापून सुटायचं. त्याची चकती मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहावर लावा, त्याहून वर नको. तीन पोलांचा, म्हणजे प्रवाहाच्या तीन वेगळ्या वाटांचा, ओव्हरलोड एका फेजच्या मोटरला वापरताना तिन्ही पोलांतून प्रवाह गेला पाहिजे. फेज पहिल्या पोलातून न्या, तिथून बाहेर आलेली वायर परत दुसऱ्या पोलात घालून मोटरला द्या, आणि न्यूट्रल तिसऱ्यातून घ्या. एक पोल रिकामा ठेवलात तर तो फेज गेल्यासारखं समजून उगाच सुटत राहतो.

कॉइलचं सर्किट असं: फेज, मग २ अँपिअरचा फ्यूज, मग छोट्या रिलेचा कॉमन (सामाईक पाय), मग त्याचा नॉर्मली ओपन (कॉइल ओढली की कॉमनला जुळणारा पाय), तिथून टाकीतला साधा यांत्रिक फ्लोट स्विच, मग ओव्हरलोडचे ९५ आणि ९६ (ओव्हरलोड सुटला की उघडणारे पॉइंट), मग कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं एक टोक, ए१. दुसरं टोक, ए२, न्यूट्रलला. यांत्रिक फ्लोट तुमच्या सेन्सरच्या पातळीपेक्षा चार बोटं वर बसवा. इलेक्ट्रॉनिक्स फसलं किंवा छोटा रिले चिकटला तरी तो मोटर थांबवेल. कॉन्टॅक्टरचेच पॉइंट चिकटले तर मात्र फ्लोटही काही करू शकत नाही. म्हणून कॉन्टॅक्टर मोटरच्या मानाने ऐसपैस घेतलेला बरा. टाकीजवळ उघडी जोडणी नको. फ्लोटची केबल २३० व्होल्टला आणि पाण्यात बुडायला योग्य अशी घ्या, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा. पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र येतात तिथे अर्थिंग आणि आरसीसीबीवर कुठलीही काटकसर करू नका. हा भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, हे आम्ही औपचारिकता म्हणून लिहीत नाही आहोत.

कॉन्टॅक्टरची कॉइल बंद होताना उलट झटका देते. त्याने छोट्या रिलेचे पॉइंट झिजतात आणि कधी कधी मायक्रोकंट्रोलर आपोआप रीसेट होतो. तुमच्याकडे मोटर बंद होताना बोर्ड रीसेट होत असेल तर कारण हेच. ए१ आणि ए२ वर १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ दर्जाचा कपॅसिटर, दोन्ही एकामागोमाग एक, असे जोडा. साधा कपॅसिटर नको. एक्स२ हा मेन्सच्या व्होल्टेजवर कायम राहण्यासाठी बनवलेला असतो.

आता तुमच्या ५ व्होल्टच्या बोर्डकडे. त्या रिलेची कॉइल सुमारे ७० ओहमची, म्हणजे ५ व्होल्टला ७० मिलिअँपिअर. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनने साधारण २० मिलिअँपिअरच्या वर देऊ नये. तयार बोर्डवर मध्ये ट्रान्झिस्टर (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) असतो म्हणून हे जमतं. सुटा रिले वापरायचा असेल तर ट्रान्झिस्टर तुम्ही लावा: एनपीएन जातीचा, त्याच्या बेस नावाच्या पायाला ५ व्होल्टच्या पिनवरून १ किलोओहमचा रोध, ३.३ व्होल्टच्या पिनवरून ४७० ओहमचा. आणि कॉइलला समांतर १एन४००७ डायोड, पट्टा प्लसकडे. हा डायोड विसरलात तर कॉइल सुटताना तिच्या टोकांवर शंभराहून जास्त व्होल्टची उसळी येते आणि ट्रान्झिस्टर जातो. काही वेळा पहिल्याच 'टक'ला, काही वेळा आठवड्याने. बरेच रिले एकदम चालवायचे असतील तर यूएलएन२००३ ही चिप घ्या, तिच्यात सात वाटा आणि डायोड आतच असतात.

रिलेला ५ व्होल्ट कंट्रोलरच्या बोर्डवरून घेऊ नका, ॲडॅप्टरवरून वेगळी वायर आणा. असा रिले साधारण ७५ टक्के व्होल्टेजला ओढतो, म्हणजे ३.७५ व्होल्टला, आणि एकदा ओढला की व्होल्टेज फार खाली जाईपर्यंत धरून ठेवतो. पुरवठा ढासळला की तो अर्धवट ओढून थरथरतो, आणि थरथरणाऱ्या पॉइंटइतकं लवकर काहीच जळत नाही. बोर्ड लो सिग्नलला ओढणारं असेल तर प्रोग्रॅममध्ये आधी पिन हाय करा आणि मगच तिला आउटपुट म्हणून जाहीर करा. नाहीतर वीज परत येताना दर वेळी मोटर क्षणभर सुरू होऊन बंद होईल.

तुमच्या सेन्सरचीही थोडी शंका येते. टाकी भरत आली की पाण्यावर लाटा उठतात आणि एकाच पातळीचा सेन्सर चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. दर वेळी मोटरचे २० अँपिअर. दोन महिन्यांत पॉइंट जाण्यामागे याचा हात असू शकतो. खालच्या पातळीला सुरू आणि वरच्या पातळीला बंद, असे दोन सेन्सर ठेवा. शिवाय सेन्सरची स्थिती ५ सेकंद टिकल्याशिवाय निर्णय घेऊ नका, आणि एकदा बंद झालेली मोटर ३ मिनिटं तरी परत सुरू होऊ देऊ नका.

रिले कुठे वापरावा, हेही तुमच्या प्रश्नातच दडलेलं आहे. दिवसातून मोजक्या वेळा जोडायचं-तोडायचं असेल, दोन सर्किटं एकमेकांपासून पूर्ण अलग हवी असतील, बंद म्हणजे खरोखर बंद हवं असेल, तर साध्या रिलेसारखं दुसरं काही नाही. त्याचं आयुष्य मात्र मोजलेलं असतं. नुसतं हलायला तो एक कोटी वेळा हलेल, पण पूर्ण भार तोडायचा म्हटलं की आकडा साधारण एक लाखावर येतो. मिनिटाला दोनदा चालू होणारा हीटर तुम्ही रिलेवर टाकलात तर एक लाख वेळा व्हायला ३५ दिवससुद्धा लागत नाहीत. अशा ठिकाणी सॉलिड स्टेट रिले घ्या. त्यात हलणारं काही नाही, पण तो तापतो. दर अँपिअरमागे एक वॉटच्या थोडा वर धरा. १० अँपिअरला साधारण १२ वॉट बाहेर काढणारा हीट सिंक लागतो. बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर झिरपतात, म्हणून एलईडी मिणमिणत राहते आणि दुरुस्ती करणाऱ्याला झटका बसू शकतो. आणि बिघडला की तो सहसा चालू अवस्थेतच बिघडतो. पाण्याच्या मोटरसाठी आमची पसंती कॉन्टॅक्टरलाच. १२ किंवा २४ व्होल्ट डीसीचा पंखा किंवा एलईडी पट्टी कमी-जास्त करायची असेल तर मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) घ्या. सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करणं पॉइंटांचं काम नव्हे.

उलट टोकाचीही एक अडचण असते. ऑडिओचा किंवा सेन्सरचा अगदी बारीक सिग्नल मोठ्या रिलेतून नेला तर काही महिन्यांनी तो मध्येच तुटायला लागतो. चांदीवर हवेतल्या गंधकाचा काळा थर बसतो. मोठ्या प्रवाहाच्या ठिणगीने तो जळून जातो, बारीक सिग्नलला तो भेदता येत नाही. तिथे सोन्याच्या मुलाम्याचे पॉइंट किंवा काचेच्या नळीतला रीड रिले लागतो.

सगळं जोडून झालं की मोटर न जोडता आधी सुकी चाचणी घ्या. कॉन्टॅक्टरपर्यंतच वीज द्या, खालचा सेन्सर हाताने हलवा, कॉन्टॅक्टर 'खट्' करून ओढला पाहिजे. वरचा सेन्सर हलवा, सुटला पाहिजे. परत ओढवा आणि या वेळी फक्त यांत्रिक फ्लोट उचला, सुटला पाहिजे. परत ओढवा आणि ओव्हरलोडचं टेस्टचं बटण दाबा, सुटला पाहिजे. कॉन्टॅक्टर ओढल्यावर घुंघुं असा जोराचा आवाज येत असेल तर एमसीबी पाडून मगच बघा. गाभ्याच्या तोंडाशी कचरा अडकलेला असेल किंवा कॉइलला व्होल्टेज कमी मिळत असेल. हे चारही नीट झाले की मोटर जोडा आणि पहिल्या दोन-तीन भरण्यांना टाकीजवळ थांबा.